दोलमाउलच्या ओढ्यावरचा पूल

"पूल नव्हता!" गावकरी मंडळाच्या मेंग अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नकाशावर बोट आपटलं. "छत्तीस वर्षं काढली मी त्या गावात. पूल असता तर दर पावसाळ्यात माझी विजार कंबरेपर्यंत भिजली असती का?"

"होता, काका," ग्योंग-रान म्हणाली. "आमच्या घराच्या अगदी खाली. दगडी, तीन कमानींचा."

"तीन कमानी! कोरियाचा राजा राहायचा वाटतं तुमच्या शेजारी."

मंडपातली सगळी हसली, ग्योंग-रान सोडून. ती देजोनच्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं सातशे मुलांचं सूप ढवळणारी बाई. रुंद खांद्यांची, कमी बोलणारी. पण एकदा एखादी गोष्ट धरली की सोडायची नाही, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं.

मंडप धरणाच्या काठावर होता आणि गाव समोर पाण्याखाली. चव्वेचाळीस वर्षं झाली त्याला. दर ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी दोलमाउलची माणसं इथं जमत. पाण्याकडे तोंड करून चौरंग मांडत. त्यावर डुकराचं मुंडकं, तांदळाचे केक, सुका मासा, नाशपाती. मग गावाला गुडघे टेकून दोन नमस्कार, आणि नंतर तांदळाची पांढरी दारू आणि भांडणं. पूर्वी तीन बस भरून लोक यायचे. आता जेमतेम पंचवीस उरले होते आणि त्यातल्या निम्म्यांना गुडघे टेकले की उठवायला माणूस लागायचा.

म्हणून तर यंदा दगड करायचा ठरला. उंच काळा दगड, त्यावर गावाचा नकाशा: एक्केचाळीस घरं, विहीर, गिरणी, कुणाचं घर कुठं ते नावानिशी. आपण गेलो तर निदान दगडाला तरी ठाऊक असावं. पाथरवट दगडापाशी उकिडवा बसून डब्यातली कॉफी पीत होता. कागदावरचा नकाशा दगडाला चिकटवलेला होता आणि पांढऱ्या पेन्सिलीनं शेवटच्या खुणा दुपारपर्यंत पक्क्या करायच्या होत्या. काळ्या दगडावरची रेघ म्हणतात ना, ती इथं खरोखरच मारली जाणार होती. एकदा छिन्नी लागली की मग 'चुकलं हो' म्हणून भागणार नव्हतं.

नकाशात ओढ्यावर तुटक रेषांनी एक पूल होता आणि त्याच्या डोक्यावर प्रश्नचिन्ह. गेल्या वर्षी ग्योंग-राननं सांगितलं म्हणून तो काढला होता. प्रश्नचिन्ह अध्यक्षांचं.

अध्यक्षांनी आपली वही उघडली. त्यांचे वडील गावचे मुख्य. ही वही त्यांची. अध्यक्षांचा जगात दोन गोष्टींवर विश्वास होता, एक या वहीवर आणि दुसरा स्वतःवर. तोही याच क्रमानं. "हे बघा. गाव सोडताना प्रत्येक घराची नोंद. मेंग, तीन मार्च. आम्ही सगळ्यांत आधी हललो. वडील म्हणाले, आपण हललो नाही तर कुणीच हलणार नाही. पहिला ट्रक आमचा, आणि त्यानंतर मी परत पाऊल टाकलं नाही तिथं. टाकवलंच नाही." त्यांनी थुंकी लावून पानं उलटली. "प्योन, एकोणीस एप्रिल. म्हणजे तुम्ही, ग्योंग-रान. आता ही सरकारनं भरपाई दिलेल्या वस्तूंची यादी. विहीर आहे. गिरणी आहे. सार्वजनिक संडाससुद्धा आहे. पूल कुठाय?"

"वहीत नसेल. पण मी त्यावरून मासे धरलेत," गिरणीवाल्यांचा गू मध्येच बोलला. सत्तरीचा माणूस, तोंडात तांदळाचा केक. "उजव्या हाताच्या कमानीखाली. ही एवढी मुरी मासळी."

"तू? गेल्या वर्षापर्यंत तुला पूल म्हणजे काय माहीत नव्हतं!"

"मी तर त्यावरून लग्न होऊन आले," बुनी आजी म्हणाल्या. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बोचक्यासारख्या बसलेल्या. "पालखीतून. पडदा बाजूला केला, तर खाली पाणी चमकत होतं. मला वाटलं, चला, बरं गाव दिसतंय."

अध्यक्षांनी कपाळावर हात मारला. "अहो आजी, तुम्ही आलात तेव्हा भर पुरात पालखीवाले घसरले होते! सगळा गाव सहा महिने हसत होता. एकीनं पूल काढला आणि सगळ्यांनी तिची री ओढली. उद्या कुणी म्हणालं गावात विमानतळ होता, तर गू म्हणेल मी तिकीट काढलं होतं."

ग्योंग-रानला मात्र गू आणि आजी साक्षीला उभे राहिलेले बघून जीव भांड्यात पडल्यासारखं झालं होतं. तिला हा पूल हवा होता. हट्ट म्हणून नव्हे. तिची आई गेली, बाप गेला, आठ वर्षांपूर्वी धाकटा भाऊ इल-सोप कामावरच छातीत कळ येऊन गेला. बेचाळीस वर्षांचा. त्या घरातलं आठवणारं तिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. आणि तिच्याकडे असलेल्या सगळ्या आठवणींत लख्ख अशी एकच होती. ती आणि इल-सोप पुलाच्या कठड्यावर बसलेत, आणि पलीकडून त्यांची पिवळी कुत्री नुरी शेपूट हलवत पूल ओलांडून त्यांच्याकडे येते आहे. पूल नसेल तर नुरी यायची कशी?

"मला सगळं आठवतंय, काका," ती म्हणाली. "कठड्यावर दिवा होता. निळसर. संध्याकाळ झाली की आपोआप लागायचा."

"आपोआप?"

"आपोआप. आणि आमच्या अंगणातलं पर्सिमनचं झाड तिथून दिसायचं, लालभडक फळांनी लगडलेलं. काठावर जर्दाळूचा बहर. पाकळ्या पाण्यावर पडत राहायच्या."

गू खोखो हसायला लागला. "अगं ग्योंग-रान, जर्दाळू फुलतो वसंतात आणि पर्सिमन पिकतं आत्ता. दोन्ही एकदम कुठल्या देशात असतं?"

सगळे हसत असताना पाथरवटानं कॉफीचा डबा खाली ठेवला. त्याला या भांडणाशी देणंघेणं नव्हतं, त्याला काम संपवायचं होतं.

"बाई, पूल काढायला माझी हरकत नाही," तो म्हणाला. "पण पोत कसा दाखवू ते सांगा. ओढ्यातले गोटे होते की टाकीनं घडवलेला दगड? अनवाणी गेला असाल ना लहानपणी? पायाला गुळगुळीत लागायचा की खरबरीत?"

साधा, धंद्यातला प्रश्न. ग्योंग-रान उत्तर द्यायला गेली आणि थांबली. तिनं मनातल्या मनात पुलावर पाय ठेवला. पूल दिसत होता, दिवा दिसत होता, पाकळ्या पडत होत्या. पण पायाला काहीच लागेना. ना ऊन, ना गार, ना खडा. तिनं नुरीच्या मानेत नाक खुपसलं, तर वास नाही. ओल्या कुत्र्याचा वास तर सात खोल्यांतून येतो.

"आलेच मी," ती म्हणाली आणि पाण्याकडे चालू लागली.

काठावर एका खडकावर ती बसली. वारा नव्हता. पाणी इतकं स्थिर होतं की समोरचा डोंगर उलटा होऊन आपल्याच पायावर उभा होता. तिला आठवलं, म्हणजे तिनं आठवू दिलं.

ती तेहतीस वर्षांची होती. शाळेच्या ओल्या फरशीवर सूपाचं पातेलं घेऊन पडली आणि पाठीचा कणा दुखावला. आठ महिने अंथरुणावर. नवरा त्याआधीच सोडून गेला होता, त्यामुळे कुरकुर ऐकायलाही कुणी नव्हतं. एका रविवारी इल-सोप दारात उभा राहिला. तो लांब दक्षिणेला जहाजांच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा, कामगारांच्या वसतिगृहात राहायचा. सहा तास बसमधून मांडीवर कॉम्प्युटर घेऊन आला होता.

"नूना," तो म्हणाला. नूना म्हणजे भावाची ताई. "तुला चालता येत नाही ना? मग इथं चाल."

कॉम्प्युटरवरच्या त्या खेळात नऊ नद्यांचा एक देश होता. लाखो माणसं तिथं हिंडायची, लढायची, बाजार भरवायची. ग्योंग-रान तिथं पाठीवर भाता बांधलेली तिरंदाज होती, एका उडीत कुंपण पार करणारी. इल-सोप ठेंगणा, ढेरपोट्या वैद्य झाला होता. संध्याकाळी सातला त्याची पाळी सुटायची. आठच्या ठोक्याला तो नदीच्या वळणावर हजर. राक्षस मारण्यात दोघांनाही रस नव्हता. तिथं जमीन घेऊन घर बांधता यायचं, ते त्यांनी बांधलं. इल-सोपनं अंगण आखलं, आईच्या लोणच्याच्या रांजणांची रांग लावली, कोपऱ्यात पर्सिमनचं झाड लावलं. त्याला गाव सोडताना सहा वर्षं होती. इतकं त्याला कसं आठवत होतं कोण जाणे.

"जर्दाळू आणि पर्सिमन एकदम?" तिनं विचारलं होतं.

"इथले ऋतू माझ्या हातात आहेत, नूना. वाट कोण बघत बसणार!"

मग एके दिवशी त्यानं ओढ्यावर पूल टाकला. तीन कमानींचा, कठड्यावर निळा दिवा.

"आपल्याकडे पूल नव्हता रे," ती म्हणाली होती. हो, ती स्वतःच म्हणाली होती. "धोंड्यांवरून उड्या मारत जायचो."

"म्हणून काय इथंही पाय भिजवायचे?"

आणि मग ती संध्याकाळ. खेळातली संध्याकाळ, तिच्या खोलीत मात्र ट्यूबलाइट आणि मलमाचा वास. दोघं कठड्यावर बसले होते. पलीकडून एक पिवळं कुत्रं पुलावर आलं. कुठल्याशा मोहिमेतून महिनाभर खटपट करून त्यानं ते मिळवलं होतं. पडद्यावर अक्षरं उमटली, हळूहळू, चुका दुरुस्त करत. वेल्डरची जाड बोटं ती.

"नूना बघ कोण आलंय. नुरी आली."

पुढची ओळ उमटली.

"तू बांधलं होतंस म्हणून मी तुझ्यावर कधीच रागावलो नव्हतो. तू दहा वर्षांची होतीस. कितीदा सांगायचं होतं. तोंडावर जमत नाही."

पाठ दुखेपर्यंत ती रडली होती त्या दिवशी. अंथरुणावर पालथं होता येत नव्हतं, म्हणून आढ्याकडे बघत.

पुढं ती बरी झाली, कामावर गेली. काही वर्षांनी खेळ बंद पडला. दोघांनी फोनवर चारदोन वाक्यं हळहळ केली. मग इल-सोप गेला. त्यानंतर भाज्या चिरताना, भांडी पुसताना ती बायकांना सांगायची, माझा भाऊ आणि मी खेळात एका पुलावर बसायचो, आमची नुरी यायची. सांगता सांगता कधीतरी वाक्यातून 'खेळात' हा एवढा एक शब्द गळला. तिनं मुद्दाम काही केलं नव्हतं. जड पिशवी या हातातून त्या हातात घ्यावी आणि ती कधी खाली ठेवली हे कळूच नये, तसं झालं. आणि एकदा पूल गावात आला, तसा त्याच्याआधी जे होतं ते पाण्याखाली गेलं.

ते आता वर आलं. एकोणीस एप्रिल. ट्रक मागे येतोय, बाबा ओरडतायत, नुरी चाकांखाली जाऊ नये म्हणून तिनं तिला खुंट्याला बांधलंय. भाताच्या पेंढ्याचा दोर, दोन गाठी. ट्रकमध्ये रांजणांच्या मध्ये तिला कुणीतरी उचलून ठेवलं. दुसरी खिंड ओलांडल्यावर सहा वर्षांच्या इल-सोपनं विचारलं, "नुरी कुठाय?" बाबा म्हणाले, मागचे सोडतील तिला. मागे चारच घरं होती. मागचे कोण, हे नंतर कुणी कुणाला विचारलं नाही. या आठवणीला मात्र सगळं होतं. दोर तळव्याला टोचत होता, नुरीच्या अंगाला शेणाचा आणि उन्हाचा वास होता.

पूल तसाच ठेवता आला असता. गू होता, आजी होत्या. अध्यक्ष एकटे पडले असते. दगडावर पूल कोरला असता आणि शंभर वर्षं नुरी त्यावरून येत राहिली असती. तिला तो फार हवासा वाटला. पण तो पूल इल-सोपनं तिच्यासाठी बांधला होता, गावासाठी नव्हे. त्यानं रात्रपाळ्या टाळून, बोटं दुखवून बांधलेलं ते, सरकारी विहिरीच्या आणि सार्वजनिक संडासाच्या रांगेत बसवायचं? त्यावरचं त्याचं नाव पुसून? तिला ते मान्य होईना.

ती मंडपात परत आली.

"काका, पूल खोडा," ती म्हणाली. "तो कॉम्प्युटरच्या खेळातला होता. आमच्या इल-सोपनं बांधलेला. माझ्या डोक्यात गावात येऊन बसला."

जिंकले होते खरे, पण अध्यक्षांच्या तोंडून 'मी म्हणत नव्हतो?' काही निघालं नाही. गूनं केक गिळला आणि आकाशाकडे बघू लागला.

"तुझा असेल कॉम्प्युटरमधला," बुनी आजी ठणकावून म्हणाल्या. "माझा नव्हता. मी पालखीतून आलेय त्यावरून."

"हो आजी, तुमचा वेगळा," ग्योंग-रान म्हणाली. या वयात आजींना पुरात परत ढकलण्यात काय अर्थ होता!

पाथरवटानं रबर उचललं. "मग ओढ्यावर काय दाखवू?"

"धोंडे," ती म्हणाली. "नऊ. तिसरा डुगडुगायचा."

"तिसराच!" अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले. "डाव्या अंगाला! तिसऱ्यावर पाय पडला की गेलाच माणूस. अरे, विसरलोच होतो मी." त्यांचा चेहरा एकदम पोरासारखा झाला होता. आपली विजार जिथं भिजायची ती जागा सापडल्याचा त्यांना केवढा आनंद झाला होता.

"आणि आमच्या अंगणात पर्सिमनच्या झाडाशेजारी एक खुंटा," ग्योंग-रान म्हणाली. तिचा आवाज सूप वाढताना असायचा तसाच होता, सपाट. "आमची कुत्री होती. नुरी. जायच्या दिवशी मी तिला त्याला बांधलं आणि तशीच राहिली ती. खरं तेच लिहायचं असेल तर तेही दाखवा."

पावसाळ्यात पाणी कसं चढत गेलं हे त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी डोंगरावरून पाहिलं होतं.

पाथरवटानं घसा खाकरला. "खुंटा दाखवतो. दोरासकट दाखवू?"

"दोर नको," अध्यक्ष म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी वही मिटली होती आणि तिच्यावर दोन्ही तळहात दाबून धरले होते.

"मी सोडला होता तो," ते म्हणाले. "तुम्ही गेलात त्याच संध्याकाळी. काहीतरी राहिलं होतं ते न्यायला आलो होतो. कुत्री ओरडत होती. गाठी घट्ट होत्या, दातांनी सोडाव्या लागल्या. सुटली तशी पळाली. आभार नाहीत की काही नाही."

तीन मार्चला पहिल्या ट्रकनं गेलेला माणूस. त्यानंतर परत पाऊल टाकलं नाही म्हणणारा. सकाळी त्यांनीच वाचून दाखवलं होतं आणि सगळ्यांनी ऐकलं होतं. गूनं तोंड उघडलं. आजींनी त्याच्या पोटरीवर काठी मारली. अध्यक्ष कुणाकडेच बघत नव्हते. आयुष्यभर वहीबाहेर एक अक्षर न बोललेल्या त्या माणसाचे कान लाल झाले होते.

ग्योंग-राननं वहीकडे पाहिलं, मग त्यांच्या हातांकडे.

"कुठल्या बाजूनं गेली, काका?" तिनं विचारलं.

अध्यक्षांनी जरा विचार केला आणि पाण्यापलीकडच्या डोंगराकडे हात केला. "तिकडं. ओढा ओलांडून."

"पाय भिजले असतील तिचे."

"भिजले ना," अध्यक्ष म्हणाले. "पूल कुठं होता?"

पाथरवटानं पांढऱ्या पेन्सिलीनं खुंट्याचा एक ठिपका काढला आणि दोर न काढताच पेन्सिल कानामागं खोवली.